टेस्टोस्टेरॉनचे इंजेक्शन चालू आहे: काळजी कशाची करावी, तपासणी कोणती करावी

विचारणारे गृहस्थ चिकोडी तालुक्यातले, वय ३९. साखर कारखान्यात नोकरी, गाळप हंगामात रात्रपाळी. पाच वर्षांपासून मधुमेह, वजन ९४ किलो. वर्षभर थकवा आणि इच्छा कमी झाल्याची तक्रार होती. गावाजवळच्या लॅबमध्ये संध्याकाळी रक्त दिले तेव्हा टेस्टोस्टेरॉन २६२ आले. महिन्याने कोल्हापुरात सकाळी तपासले तर ११.२. आकडा एवढा खाली गेलेला पाहून घरचे घाबरले. तेव्हापासून दर पंधरा दिवसांनी २५० मिलिग्रॅमचे इंजेक्शन सुरू आहे, आतापर्यंत चार झाली. त्यांचे प्रश्न असे: याने हार्ट अटॅक येतो का, प्रोस्टेटचा कॅन्सर होतो का, आणखी काय दुष्परिणाम होतात? शेवटी त्यांनी दोन गोष्टी जोडल्या आहेत. पुढच्या वर्षी दुसरे मूल हवे आहे, आणि तालमीत जाणाऱ्या १७ वर्षांच्या पुतण्याला कोणीतरी ‘ताकदीच्या गोळ्या’ दिल्या आहेत.

तुम्ही शेवटी लिहिलेल्या दुसऱ्या मुलाच्या गोष्टीपासून सुरुवात करतो, कारण तुमच्या स्वतःच्या बाबतीत माझ्या दृष्टीने तीच सगळ्यांत तातडीची आहे. ज्याला वर्षभरात मूल हवे आहे त्याने बाहेरून टेस्टोस्टेरॉन घ्यायचे नसते. हे तुम्हाला पहिल्या इंजेक्शनच्या आधी सांगायला हवे होते.

मेंदूच्या खाली पिट्युटरी नावाची छोटी ग्रंथी असते. ती एलएच आणि एफएसएच ही दोन हॉर्मोन्स सोडते आणि त्यांच्या हुकमावर वृषणात टेस्टोस्टेरॉन आणि शुक्राणू तयार होतात. रक्तात बाहेरून भरपूर टेस्टोस्टेरॉन आले की पिट्युटरी समजते, आता गरज नाही, आणि दोन्ही हॉर्मोन्स जवळजवळ बंद करते. शुक्राणू तयार व्हायला वृषणाच्या आत टेस्टोस्टेरॉन रक्तापेक्षा कितीतरी पटींनी जास्त लागते. ते तिथेच तयार व्हावे लागते, दंडात किंवा कमरेत टोचलेल्या औषधाने ती पातळी गाठता येत नाही. म्हणून इंजेक्शन घेणाऱ्याच्या रक्ताचा आकडा उत्तम दिसतो, अंगात जोम वाटतो, आणि त्याच वेळी शुक्राणूंची संख्या घसरत शून्याकडे जाते. वृषणे आकारानेही लहान आणि मऊ होतात.

हा परिणाम एवढा खात्रीचा आहे की पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून त्याची रीतसर चाचणी झाली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात निरोगी पुरुषांना दर आठवड्याला २०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन दिले, आणि निम्म्याहून अधिक जणांचे शुक्राणू सहा महिन्यांत पूर्ण नाहीसे झाले. तुमचा डोस त्यापेक्षा कमी आहे, पण नेहमीच्या उपचाराच्या डोसनेही संख्या पडते. दिलासा असा की औषध थांबवल्यावर बहुतेकांची संख्या परत येते. अशा चाचण्यांतल्या पुरुषांची माहिती एकत्र करून २००६ मध्ये हिशेब मांडला गेला. सहा महिन्यांत सुमारे ६७ टक्के, वर्षभरात ९० टक्के आणि दोन वर्षांत जवळपास सगळे पूर्ववत झाले होते. पण ते मुळात निरोगी पुरुष होते. ज्याची संख्या आधीच कमी होती किंवा ज्याने वर्षानुवर्षे इंजेक्शने घेतली, त्याला हाच भरवसा देता येत नाही.

इथे एक गोष्ट तळमळीने सांगतो. आपल्या भागात मूल राहत नाही म्हटले की आधी सुनेला दवाखान्यात नेतात. सोनोग्राफी, नळ्यांची तपासणी, महिनोन् महिने गोळ्या, देवाचे नवस, सगळे तिच्या वाट्याला. नवरा दर पंधरवड्याला कसले इंजेक्शन घेतो हे कोणी विचारत नाही, आणि त्याला स्वतःलाही त्याचा इथे संबंध असेल असे वाटत नाही. शुक्राणू कमी आहेत म्हणून ‘वाढवायला’ टेस्टोस्टेरॉन दिल्याची उदाहरणेही मी पाहिली आहेत. ती चिठ्ठी त्या जोडप्याच्या इच्छेच्या बरोबर उलट काम करते. ज्यांना खरोखर हॉर्मोनची कमतरता आहे आणि मूलही हवे आहे, त्यांच्यासाठी एचसीजीची इंजेक्शने किंवा क्लोमिफेनसारखी औषधे असतात. ती वृषणाला काम करायला लावतात, बंद पाडत नाहीत. तुम्ही वीर्यतपासणी आत्ताच करून घ्या, म्हणजे आज कुठे उभे आहात ते कळेल.

आता दुसरा मुद्दा, तुम्हाला हे औषध लागत होते का? तुमच्या दोन आकड्यांनी घरात जो गोंधळ झाला तो मी बेळगावात वरचेवर पाहतो, कारण आपली माणसे एक तपासणी इथे, दुसरी कोल्हापूर किंवा मिरजेला करतात. पहिल्या लॅबने आकडा नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये दिला, दुसरीने नॅनोमोल प्रति लिटरमध्ये. ११.२ ला २८.८ ने गुणा, ३२३ येतात. म्हणजे तुमचे टेस्टोस्टेरॉन घसरले नव्हते, सकाळचे प्रमाण संध्याकाळपेक्षा जास्तच होते. आणि तसेच असायला हवे, कारण हे हॉर्मोन झोपेतून उठल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन तासांत सर्वाधिक असते, दिवसभरात उतरत जाते. निदान करायचे तर सकाळी, उपाशीपोटी, दोन वेगवेगळ्या दिवशी रक्त द्यावे लागते, आणि दोन्ही वेळा ते साधारण ३०० च्या खाली असेल, शिवाय लक्षणेही जुळत असतील, तरच कमतरता म्हणतात. रात्रपाळी करून आलेल्या माणसाची ‘सकाळ’ तर वेगळीच असते. त्याने पाळी बदलल्यावर आठवडाभर नीट झोप घेऊन मगच रक्त द्यावे. ताप, मोठे आजारपण, झोप मोडलेली, अशा वेळीही आकडा तात्पुरता पडतो.

वजन आणि मधुमेहाचाही वाटा आहे. लठ्ठपणात रक्तात टेस्टोस्टेरॉन वाहून नेणारे एसएचबीजी नावाचे प्रथिन कमी होते, त्यामुळे एकूण आकडा कमी दिसतो, पण शरीराला प्रत्यक्ष वापरता येणारा भाग पुरेसा असू शकतो. अशा माणसाचे वजन नीट उतरले की आकडा आपोआप चढतो. तुमच्या कागदांवरून मला कमतरतेचे निदान सिद्ध झालेले दिसत नाही, हे स्पष्ट लिहितो. याचा अर्थ तुमचा थकवा खोटा आहे असे नाही. त्याचे कारण अजून शोधले गेलेले नाही: साखर किती काळ वाढलेली आहे, थायरॉइड कसे आहे, हिमोग्लोबिन, बी-१२, मनाची अवस्था, आणि घोरणे.

ज्यांना खरी गरज असते, त्यांना हे औषध नवे आयुष्य देते हेही तितकेच खरे. जन्मजात क्लाइनफेल्टर सिंड्रोम, पिट्युटरीची गाठ, गालगुंडाने वृषणांवर आलेली सूज, कॅन्सरच्या उपचारात गेलेली वृषणे, अशा माणसाने दुष्परिणामांच्या भीतीने औषध सोडले तर हाडे ठिसूळ होतात, स्नायू जातात. मी खाली जे लिहितो आहे ते त्याला घाबरवण्यासाठी नाही, कुठे लक्ष ठेवायचे हे कळावे म्हणून आहे.

लक्ष ठेवायचे ते सर्वांत आधी रक्ताच्या घट्टपणावर. टेस्टोस्टेरॉन हाडांतल्या मज्जेला तांबड्या पेशी जास्त बनवायला लावते आणि शरीरातले लोह त्या कामासाठी मोकळे करते. थोडे वाढले तर चांगलेच, पण मर्यादेबाहेर गेले की गुऱ्हाळावरच्या काहिलीत रस आटत काकवी व्हावी तसे रक्त दाटते. सीबीसीच्या अहवालात यासाठी पीसीव्ही किंवा हिमॅटोक्रिट हा आकडा पाहायचा. पुरुषात तो साधारण ४० ते ५० टक्के असतो. सुरुवातीलाच तो ४८ ते ५० च्या वर असेल तर कारण शोधल्याशिवाय औषध सुरू करू नये. उपचारात ५४ ओलांडला तर औषध थांबवावे. तपासणी सुरुवातीला, मग तीन ते सहा महिन्यांनी आणि पुढे दरवर्षी. हे दुर्मीळ आहे असे समजू नका. ऑस्ट्रेलियात मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या किंवा नुकताच मधुमेह झालेल्या लठ्ठ पुरुषांवर दोन वर्षांची मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. दीर्घकाळ टिकणारे इंजेक्शन घेणाऱ्यांपैकी २२ टक्के जणांचा हिमॅटोक्रिट ५४ किंवा वर गेला, तुलनेसाठी औषध नसलेले इंजेक्शन घेणाऱ्यांत फक्त १ टक्का जणांचा.

खानापूर तालुक्यातले पन्नाशीचे एक गृहस्थ डोकेदुखीसाठी आले होते. चेहरा तांबूस, डोळे लाल, कानांत गुणगुण. हातात तीन पानी अहवाल. पहिल्या पानावर टेस्टोस्टेरॉन ६४०, त्याच्याभोवती कोणीतरी पेनाने गोल केला होता, ‘उत्तम’ म्हणून. दुसऱ्या पानावर पीसीव्ही ५६.८, शेजारी लॅबने छापलेला वर जाणारा बाण, आणि त्याकडे कोणाचेही लक्ष गेलेले नव्हते. दर दहा दिवसांनी इंजेक्शन, रोज विडीचा कट्टा. त्यांच्या मंडळींनी एक वाक्य सांगितले आणि कोडे सुटले: “रात्री घोरता घोरता मधीच श्वास बंद पडतोय यांचा, हलवून जागं करायला लागतंय.” झोपेत श्वास अडकण्याने प्राणवायू कमी पडतो, शरीर आणखी तांबड्या पेशी बनवते. विडीही तेच करते. टेस्टोस्टेरॉनने त्यात भर घातली, आणि ते घोरण्याचा आजारही वाढवू शकते. इंजेक्शन थांबवले, विडी सुटली, झोपेत श्वास अडकू न देणारे यंत्र लागले, पीसीव्ही पन्नाशीच्या खाली आला. त्यांना औषधाची खरी गरज होती, म्हणून पुढे कमी मात्रेत जेल सुरू केले. रक्त दाटण्याचा त्रास इंजेक्शनपेक्षा जेलने कमी होतो. ‘रक्तदान केले की झाले’ असा सल्ला जिममध्ये देतात. डोस तसाच ठेवून वरचेवर रक्त काढत राहिले तर लोह संपते आणि मूळ कारण तिथेच राहते.

पीसीव्ही केला नसेल तर पाचवे इंजेक्शन घेण्याआधी तो करा. एका पायाला अचानक सूज आणि दुखणे, दम लागणे, छातीत कळ, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, बोबडी वळणे, यांतले काहीही झाले तर सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करा.

आता हृदय. ही भीती निराधार नव्हती. २०१० मध्ये अमेरिकेत वृद्ध पुरुषांवर चाललेली एक चाचणी जेल घेणाऱ्यांत हृदयाच्या घटना जास्त दिसल्यामुळे मध्येच थांबवावी लागली होती. नंतर हाच प्रश्न सोडवण्यासाठी ट्रॅव्हर्स नावाची चाचणी झाली: ४५ ते ८० वयाचे ५,२०० च्या वर पुरुष, सगळे खरोखर कमी टेस्टोस्टेरॉन असलेले आणि हृदयविकार असलेले किंवा त्याचा धोका असलेले. २०२३ मध्ये उत्तर आले. हार्ट अटॅक, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण औषध घेणाऱ्यांत ७ टक्के, न घेणाऱ्यांत ७.३ टक्के, म्हणजे फरक नाही. पण त्याच चाचणीत हृदयाचे ठोके अनियमित होणे, मूत्रपिंडाला अचानक इजा आणि फुप्फुसात रक्ताची गुठळी हे तिन्ही औषध घेणाऱ्यांत थोडे जास्त आढळले. गुठळीचे प्रमाण औषध घेणाऱ्यांत ०.९, न घेणाऱ्यांत ०.५ टक्के. हाडे मोडण्याचे प्रमाणही, सगळ्यांच्या अपेक्षेविरुद्ध, जास्तच निघाले. हे निष्कर्ष जेलचे आहेत, पातळी मोजून डोस बदलत दिलेल्या उपचाराचे. न मोजता टोचलेल्या इंजेक्शनांना, आणि जिममधल्या कित्येक पट डोसला तर मुळीच, त्यांचा आधार घेता येत नाही. गेल्या सहा महिन्यांत हार्ट अटॅक किंवा पक्षाघात झाला असेल, किंवा हृदय निकामी होत असून काबूत नसेल, तर हे औषध सुरू करत नाहीत. रक्तदाब मात्र प्रत्येकाने मोजत राहावा, तो थोडा चढतो.

प्रोस्टेट म्हणजे पुरुषांत मूत्राशयाखाली असणारी ग्रंथी. तिच्याबद्दलची भीती १९४१ पासूनची आहे. चार्ल्स हगिन्स यांनी दाखवले की वृषणे काढल्यावर पसरलेला प्रोस्टेटचा कॅन्सर आक्रसतो, आणि त्यासाठी त्यांना १९६६ चे नोबेलही मिळाले. त्यावरून उलटा निष्कर्ष काढला गेला की टेस्टोस्टेरॉन दिल्याने कॅन्सर होतो. ते तसे सिद्ध झालेले नाही. ट्रॅव्हर्समध्येही गंभीर प्रकारचा कॅन्सर दोन्ही गटांत मोजक्याच जणांना झाला. पण आधीच असलेल्या कॅन्सरला खतपाणी घालण्याचा धोका पत्करायचा नसतो, म्हणून प्रोस्टेटचा किंवा पुरुषांतला स्तनाचा कॅन्सर असेल तर औषध टाळतात. पंचावन्नच्या पुढे, आणि वडील किंवा भावाला हा कॅन्सर झाला असेल तर चाळिशीतच, आधी पीएसए ही प्रोस्टेटची रक्ततपासणी करावी. तिचा आकडा पहिल्या वर्षात १.४ पेक्षा जास्त वाढला किंवा ४ च्या वर गेला तर मूत्ररोगतज्ज्ञांना दाखवावे. ज्यांना आधीच लघवी थांबत-थांबत होते, त्यांचा त्रास वाढू शकतो.

बाकीचे परिणाम भराभर सांगतो. पुरळ, तेलकट त्वचा, घोट्यावर थोडी सूज. टकलाची आनुवंशिकता असेल तर केस लवकर जातात. छातीत दुखरी गाठ आणि फुगवटा येतो, कारण टेस्टोस्टेरॉनचा काही भाग चरबीत इस्ट्रोजेन बनतो. वजन जास्त असेल तर हे जास्त. चांगले कोलेस्टेरॉल कमी होते. मधुमेहाच्या औषधावर साखर कमी होऊ शकते, तुम्ही ग्लुकोमीटर जवळ ठेवा. झडपेच्या ऑपरेशननंतर रक्त पातळ करणारी वॉरफॅरिन चालू असेल तर तिचा परिणाम वाढतो, रक्त किती पातळ झाले ते दाखवणारा आयएनआर लगेच आणि वरचेवर पाहावा लागतो.

इंजेक्शनच्या दिवसांत मन वर-खाली होते ते औषधाच्या चालीमुळे. टेस्टोस्टेरॉनची कमी-जास्त वेळ टिकणारी चार रूपे (इस्टर) मिसळलेल्या २५० मिलिग्रॅमच्या इंजेक्शनने पातळी एक-दोन दिवसांत शिखरावर जाते, नंतर उतरत तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी तळाला येते. पहिले दिवस चिडचिड, शेवटचे दिवस मरगळ. लोक या मरगळीलाच आजार समजतात आणि इंजेक्शन अलीकडे ओढतात. ॲम्प्यूलवरचा बारीक मजकूरही वाचा. या मिश्रणात ॲराकिस तेल असते, म्हणजे शेंगदाण्याचे. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्याला ते चालत नाही, आणि कंपाउंडर हे विचारत नाही. तीन महिन्यांनी घ्यायचे १००० मिलिग्रॅमचे इंजेक्शन एरंडेल तेलात असते; ते चार मिलिलिटर घट्ट तेल कमरेत अगदी सावकाश द्यावे लागते. तेलाचे सूक्ष्म थेंब फुप्फुसात गेले तर लगेच खोकला आणि गुदमरल्यासारखे होते, म्हणून त्यानंतर अर्धा तास दवाखान्यातच बसावे.

जेल वापरणाऱ्यांसाठी घरातल्या लहान मुलांचा विचार. जेल खांद्याला-दंडाला लावतात, आणि तान्हे मूल झोपते बापाच्या दंडावरच. कातडीवरून कातडीवर औषध जाते. चार वर्षांच्या मुलाला जननेंद्रियाजवळ केस येणे, लिंग वाढणे, मुलीत अवेळी बदल दिसणे असे प्रकार जगभर नोंदले गेले आहेत, आणि अमेरिकेत २००९ पासून याचा ठळक इशारा पाकिटावर छापावा लागतो. जेल लावल्यावर साबणाने हात धुवा, वाळू द्या, वर सदरा घाला. मूल जवळ घेण्याआधी ती जागा धुवा. गरोदर बाईचा त्या जागेला स्पर्श होऊ देऊ नका.

तुम्ही काय करावे? पुढचे इंजेक्शन लांबवून आधी डॉक्टरांना भेटा, वरच्या तपासण्या करा, आणि मूल हवे आहे हे पहिल्या वाक्यात सांगा. दोन महिन्यांनंतर थांबवणे सहसा अवघड जात नाही. पण थांबल्यावर काही आठवडे शरीराचे स्वतःचे हॉर्मोन परतलेले नसते, त्या काळात थकवा आणि उदासी येते. घरच्यांना हे आधी सांगून ठेवा. एलएच आणि एफएसएच तेव्हा तपासून उपयोग नाही, औषध पूर्ण उतरल्यावर तपासायचे.

पुतण्याचे प्रकरण तुमच्यापेक्षा गंभीर आहे. तालमीत आणि जिममध्ये फिरणाऱ्या अशा गोळ्या बहुतेक मेथँडायनोन किंवा स्टॅनोझोलॉलच्या असतात. टेस्टोस्टेरॉनचे इंजेक्शन सहसा यकृत बिघडवत नाही, पण या गोळ्यांची रासायनिक घडणच अशी असते की त्या यकृताला इजा करतात. कावीळ होते, क्वचित गाठीही. सतराव्या वर्षी हाडांच्या टोकांची वाढ अजून चालू असते. या औषधांनी ती टोके वेळेआधी बंद होतात, उंची तिथेच थांबते, आणि हे पुन्हा उलटवता येत नाही. एकाच सुईने दोघांनी टोचून घेतले असेल तर हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीही तपासावे लागतात. कुस्तीत पुढे जायचे असेल तर डोपिंगच्या चाचणीत नाव येऊन वर्षानुवर्षे बंदी लागते. दूध, बदाम आणि बैठका यांच्यावर बेळगावातल्या आनंदवाडीच्या आखाड्यात मल्ल उभे राहत आले आहेत, ही वाट त्याला अजून मोकळी आहे. वस्तादांशी तुम्ही स्वतः बोला, कारण पोरगा त्यांचे ऐकेल. त्याला मारू नका, ओरडू नका. घाबरला तर किती आणि कधीपासून घेतल्या हे लपवेल. यकृताची तपासणी, सीबीसी आणि रक्तदाब या आठवड्यातच करून घ्या. आणि रागाच्या भरात गोळ्यांचे पाकीट फेकून देऊ नका, डॉक्टरांकडे जाताना ते सोबत न्या. आत नेमके काय आहे हे त्यावरूनच कळते.